चैत्रातले पाच रविवार

वसंत ऋतूविषयी कवींनी जे काही लिहून ठेवले आहे, त्यावर विश्वास ठेवून कोणी चैत्रात वाशीम जिल्ह्यात येऊ नये, अशी माझी नम्र सूचना आहे. कोकिळा आमच्याकडेही ओरडते, नाही असे नाही. आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, कडुनिंब मोहरलेला असतो. परंतु सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत येथे जो वारा वाहतो, त्याला मलयानिल म्हणण्याचे धाडस खुद्द मलयपर्वतालाही व्हायचे नाही. कालिदासाने ऋतुसंहारात ग्रीष्म अगदी आरंभी आणि वसंत अगदी शेवटी ठेवला. दोघांत त्याने राखलेले हे अंतर आमच्या वाट्याला आलेले नाही. आम्हाला दोन्ही ऋतू एकाच पानावर वाचावे लागतात.

आणि गंमत अशी, की याच गावाची कीर्ती संस्कृत साहित्यात वसंताच्या सख्ख्या मित्राशी जोडलेली आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत आमच्या वाशीमला, म्हणजे त्या काळच्या वत्सगुल्माला, मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नही त्याने येथेच लावून दिले. दरवर्षी मी हे वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, कोणत्या मंगल कार्यालयात?"

मंगल कार्यालयाचा विषय पुढे यायचाच आहे. तूर्त एवढेच सांगतो, की वऱ्हाडात वसंत आल्याची खूण माझ्या लेखी आम्रमंजरी नसून सिनेमा ही आहे.

हे विधान वाचून हसू नका. त्याला शेतीचा आधार आहे. तूर निघालेली असते, हरभरा निघालेला असतो, गहू खळ्यावरून घरात आलेला असतो. मृगाला अजून दोन महिने अवकाश. हात मोकळे, खिशात चार पैसे, आणि घरात उकाडा इतका की रात्री माणूस आत झोपूच शकत नाही. पावसाची धास्ती नाही, म्हणून उघड्या मैदानात तंबू ठोकता येतो. यात्रा-जत्राही याच दिवसांतल्या. फिरत्या टॉकीजवाल्यांनी हे गणित फार पूर्वी ओळखले होते. दिवाळी संपली की ते तंबू आणि यंत्रे मालमोटारीत घालून निघत आणि जत्रेमागून जत्रा करीत पावसाळ्याच्या तोंडाशी घरी परतत. शहरातल्या चित्रपटगृहाला बारा महिने असतात. तंबूला मात्र ऋतू असे.

माझ्या लहानपणी, म्हणजे 1988-89 च्या सुमारास, आमच्या खेड्यातल्या यात्रेत असा तंबू येई. आजी बसायला बारदान घेऊन निघे. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये एक दोर. मुलांना कोणतीच बाजू नसे. ती दोराखालून वाटेल तिकडे जात. चैत्रात सूर्य लवकर मावळायला तयार नसतो आणि अंधार पडल्याखेरीज पडद्यावर काही दिसत नाही. त्यामुळे भोंग्यावरून सातचा पुकारा होई आणि खेळ साडेआठाला लागे. मधला दीड तास आम्ही यंत्राच्या मोटारीभोवती घालवीत असू. यंत्र एकच असल्याने दर रिळाच्या शेवटी दिवा विझे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत काळोखात सर्व तंबू कथानकावर चर्चा करी. पुढे समीक्षेची पुष्कळ पुस्तके वाचली, परंतु खलनायकाच्या मनोवृत्तीविषयी इतकी मोकळी चर्चा कोठे आढळली नाही. आजीचे मत ठरलेले असे. "याच्या मायनंच याले बिघडवला," एवढे बोलून ती पानाची चंची उघडी.

आता ते तंबू बहुतेक उठले. 2016 साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या सिनेमावाल्यांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कानच्या महोत्सवात गाजला. त्यात गंजलेली यंत्रे आहेत, ती दुरुस्त करणारा हाडाचा कारागीर आहे, आणि फिल्मच्या डब्यांची जागा घेणारा संगणकही आहे. मी तो पाहिला तेव्हा शेजारचे सगळे यंत्राकडे पाहत होते. मी मात्र दोर कोठे दिसतो का, ते शोधीत होतो.

असो. आमच्या तालुक्याच्या गावी एकच चित्रपटगृह उरले आहे. मालकाच्या वडिलांनी ते सत्तरीच्या दशकात बांधले. वर पत्रे, आत पंखे, आणि दोन्ही भिंतींना पाण्याचे अजस्र कूलर. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कूलर म्हणजे काय हे सांगून समजायचे नाही. त्याच्या ताट्यांतला वाळा भिजला की जो गंध सुटतो, तो आमच्या लेखी खरा वसंतगंध. ऐन उन्हाळ्यात गावातली निम्मी माणसे सिनेमा पाहायला जात नसत, कूलरखाली बसायला जात, आणि पडद्यावर काही चालू असेल तर त्याला त्यांची हरकत नसे. पुढे घरोघर कूलर आले आणि त्याहून पुढे हातोहात पडदे आले. गेल्या काही वर्षांत नव्या हिंदी चित्रपटाच्या पहिल्या तीन दिवसांखेरीज थिएटरात पाखरू फिरकत नाही. तेव्हा मालकांनी जे गावोगावच्या थिएटरवाल्यांनी केले तेच करायचे ठरवले. खुर्च्या काढायच्या, उतरती जमीन भरून सपाट करायची आणि मंगल कार्यालय काढायचे. राजशेखराने केलेली भविष्यवाणी अशी खरी व्हायची होती. कंत्राटदार येऊन मापे घेऊन गेला, जमिनीवर चुन्याच्या खुणाही पडल्या.

मला ही बातमी माघात कळली. मी मालकांकडे गेलो आणि म्हणालो, "काम वैशाखात काढणार ना? मग चैत्र मला द्या."

"काय करता सर चैत्राचं?"

"रविवारी रात्री एक जुना मराठी चित्रपट. पोरं माझ्या कॉलेजची, तिकीट तीस रुपये. वीजबिल निघालं नाही तर मी भरीन."

हे शेवटचे वाक्य मी घरी न विचारता बोललो होतो. त्याची पावती घरी यथाकाल मिळाली.

ही कल्पना माझी म्हणून मिरवण्याजोगी मुळीच नाही. कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी 1947 साली फिल्म सोसायटी काढली, मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघाले. चांगले चित्रपट ओळीने दाखवावेत आणि मग त्यांवर तावातावाने भांडावे, हा उद्योग तेव्हापासून आपल्याकडे चालू आहे. फरक एवढाच, की त्या मंडळींना आयझेन्स्टाइन दाखवायचा होता आणि मला संत तुकाराम. परवानग्या मिळविण्यात मात्र दोन महिने गेले. जुन्या चित्रपटाचा हक्क नेमका कोणाकडे, हे शोधताना मला वऱ्हाडातल्या वाटणीच्या शेतीचे खटले आठवले. सातबाऱ्यावर इतकी नावे, की कोणाची सही घ्यावी ते कळेना.

योगायोग मोठा देखणा जुळून आला. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला, नेमका रविवारी. रामनवमीही रविवारी, आणि चैत्री अमावास्याही रविवारीच. जणू पंचांगकर्त्याने पाच खेळांचा चैत्र आखून दिला होता.

पाडव्याला 'संत तुकाराम' लावला. 1936 सालचा हा प्रभातचा बोलपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे मी आधी उभे राहून सांगितले. पोरांनी ते सहन केले. पहिली दहा मिनिटे चुळबुळ होती. मागे कोणी मोबाइल उघडला की अंधारात चेहरा निळा दिसे. मग पडद्यावर जिजाई आली. घरात दाणा नाही आणि नवरा देवाच्या नादी, अशी ती बाई विठोबालाच पायताण दाखवायला निघते तेव्हा बायकांच्या रांगांतून जो हशा उठला, त्यात कोठेही नव्वद वर्षांचे अंतर नव्हते. पागनिसांच्या तुकारामाची थोरवी सगळ्यांनी मान्य केली, पण बाहेर पडताना चर्चा जिजाईची. ते काम करणाऱ्या गौरीबाईंचे नाव एका मुलीने वहीत लिहून घेतले. पुढल्या आठवड्यात तिने विचारले, "सर, गाथेत जिजाईची बाजू कुठं आहे?" असा प्रश्न पडावा म्हणून मी वीस वर्षे शिकवतो आहे. तो पडला तीस रुपयांच्या तिकिटात.

रामनवमीला 'देवकीनंदन गोपाला' होता. 1977 साली राजदत्तांनी दिग्दर्शित केलेला हा गाडगेबाबांचा चित्रपट. दिग्दर्शक विदर्भाचे, बाबा वऱ्हाडचे, तेव्हा गर्दी लोटेल असा माझा हिशेब. परंतु रामनवमीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीची यात्रा असते आणि सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरचा बंजारा समाज लोटतो. आमचे गावही तिकडेच लोटले. थिएटरात अकरा माणसे. त्यांत पंचाऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. त्यांनी पोरवयात गाडगेबाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले होते. बाबा गेले 1956 च्या डिसेंबरात, म्हणजे हिशेब जमतो. डॉ. लागूंचे काम पाहून काय वाटले, असे मी त्यांना विचारले. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "बोलनं तसंच नाई. पन झाडू धरनं तसंच हाये." नाट्यसमीक्षेतले हे वाक्य डॉक्टरांच्या कानी जायला हवे होते.

तिसऱ्या रविवारी 'सांगत्ये ऐका'. त्याविषयी फार लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती असल्याने बाहेर चौकात ढोलांची तालीम चालू होती आणि आत 1959 सालची ढोलकी. केव्हा कोणती वाजते ते कळत नव्हते आणि कोणाचे काही बिघडतही नव्हते. साठीच्या पुढचे पुरुष मात्र इतके लोटले, की अतिरिक्त खुर्च्या टाकाव्या लागल्या. एरवी सभेला बोलावले तर या मंडळींचे गुडघे दुखतात.

चौथ्या रविवारी 'गाभ्रीचा पाऊस' होता. येथे मला थांबायला हवे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी शब्दाचा अर्थ. 'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी शिवी आहे. रागाने देतात, कधी लाडानेही देतात, आणि पावसाला बहुधा दोन्ही मिळून देतात. सतीश मनवर यांचा हा 2009 सालचा चित्रपट विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या एका घराचा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे. आपलाही नवरा तेच करील, या भीतीने बायको लहान मुलाला सतत बापाच्या मागावर ठेवते. बाप शेतात गेला, पोरगा मागे. बाप विहिरीकडे गेला, पोरगा मागे. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी ती दोन माणसे अशी उभी केली आहेत, की ती आपल्या ओळीतल्या घरात राहतात असे वाटावे.

2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली होती. त्या सहांत वाशीम होता. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याचे नाव मोठ्या वर्तमानपत्रांत यायचे ते बहुधा त्याच यादीत. माझ्या वर्गात दरवर्षी एखाददुसरा मुलगा, एखादी मुलगी अशी असते, की प्रवेशाच्या अर्जावर वडिलांच्या नावाआधी कै. लिहिलेले असते, आणि वय पाहून आपण पुढे काही विचारत नाही.

सौ.नी यादी पाहिली तेव्हा त्या एकाच नावावर बोट ठेवले. "ज्यांच्या घरी हे घडलं, त्यांना तुम्ही तिकीट काढून दाखवणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुःखाचा परिहार कलेने होतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. मी ते परीक्षेला विचारतोही. परंतु ॲरिस्टॉटलने ही गोष्ट थेबेसच्या राजाविषयी म्हटली होती, मंगरूळपीरकडच्या सोयाबीनवाल्याविषयी नव्हे. एक सहकारी म्हणाले, लोकांना करमणूक हवी, हे कशाला? मालक मात्र वेगळेच बोलले. "सर, या पडद्यावर आम्ही गावाले पन्नास वर्षं रडवलं. पन सारं परक्याच्या दुःखानं."

तिकिटे फाडायला जी पोरे उभी असत, त्यांत बी.ए. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. तो सातवीत असताना वडील गेले. कसे गेले, ते त्याने मला कधी सांगितले नव्हते आणि मला ते ठाऊक होते. मी त्याला बाजूला घेऊन चित्रपटाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "तू नको म्हणालास तर दुसरा लावू. कोणाला कळणारही नाही."

तो जमिनीवरच्या चुन्याच्या खुणेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "लावा सर. मी मायले घेऊन येतो."

20 एप्रिलला ती आली. हिरवे पातळ, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. मुलाने तिला कूलरजवळची खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि पडदा कमी, तिची पाठच जास्त पाहत होतो. नाव पडद्यावर आले तेव्हा पुढच्या रांगांतल्या बाया त्या शिवीला मनमुराद हसल्या, तीही हसली. चित्रपटात विनोद पुष्कळ आहे, आणि तो कडू असला तरी आपल्या बोलीतला आहे. निम्म्या खेळापर्यंत थिएटर हसतच होते. पेरणी वाया जाते, पुन्हा कर्ज, पुन्हा पेरणी, हे सुरू झाले तसे हसू ओसरले. एका शेतकऱ्याने पडद्याकडे पाहून मोठ्याने सांगितले, "आता नोको पेरू रे, थांब चार दिवस." कोणी त्याला गप्प केले नाही. माझ्या लहानपणी तंबूत असेच होई.

खेळ संपल्यावर दिवे लागले तरी माणसे उठेनात. मग एकदम उठली. मुलगा आईला घेऊन माझ्याकडे आला. काय बोलावे ते मला सुचेना. "त्रास झाला का?" असे काहीतरी मी विचारले.

तिने मान हलवली. थोडे थांबून म्हणाली, "त्या बाईनं पोराले मांगं धाडलं. मले तसं नाई सुचलं."

मुलगा म्हणाला, "मी शाळेत होतो ना माय."

"हो," ती म्हणाली. "शाळा होती."

एवढेच बोलणे झाले. आठ वर्षांत दोघांनी त्या दिवसाविषयी एकमेकांशी काही बोलण्याची ती पहिली वेळ होती, हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्या रात्री ती दोघे स्टँडवरून ऑटोने न जाता चालत घरी गेली. तीन किलोमीटर. काय बोलत गेली ते मी विचारले नाही.

घरी आल्यावर मी सौ.ना घडले ते सांगितले. "म्हणजे दाखवलंत ते बरं झालं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, कोणास ठाऊक. आजही तेच म्हणतो. त्या खेळाला अजून दोन घरची माणसे येणार होती, ती आली नाहीत, आणि त्यांनी यायला हवे होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

शेवटच्या रविवारी, अमावास्येला, 'अशी ही बनवाबनवी'. हा मालकांचा हट्ट. 1988 सालचा हा चित्रपट महाराष्ट्रात न पाहिलेला माणूस सापडणे कठीण, तेव्हा तो पुन्हा कोण पाहणार, असे माझे विद्वान मत होते. थिएटर बाल्कनीसकट भरले. पात्रे बोलायच्या आधी प्रेक्षक बोलत होते. पडद्यावरच्या नटांनी नुसते ओठ हलवले असते तरी चालले असते. दाराशी उभा असलेला माझा विद्यार्थी अगदी पोट धरून हसत होता आणि त्याची आई, जी या खेपेला न बोलावता आणि दोन शेजारणींसह आली होती, पदर तोंडाला लावून. त्या रात्री बाहेर पारा किती होता कोणास ठाऊक. आत वाळ्याचा वास इतका गच्च होता, की राजशेखर खोटे बोलला नसावा असे वाटले.

हिशेब केला तेव्हा वीजबिल निघून अठराशे रुपये उरले. मालकांनी ते कूलरच्या नव्या ताट्यांसाठी बाजूला ठेवले. मंगल कार्यालय काढणारा माणूस ताट्या कशाला बदलतो, हे मी विचारले नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. कंत्राटदार दोनदा येऊन चहा पिऊन गेला. जमिनीवरच्या चुन्याच्या खुणा अजून आहेत, थोड्या पुसट.

परवा नवरात्रात मालक बाजारात भेटले. हातात भाजीची पिशवी. "सर, पुढल्या साली पाडवा कधी हाये?"

"19 मार्चला. गुरुवारी."

त्यांनी बोटे मोजली. "मंग चैत्रात रविवार किती?"

"चारच."

"एक कमी झाला," ते म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "काढा तुमचा कोनता काढाचा तो. बनवाबनवी राहू द्या."